वतन, गायरान आणि सातबारा

दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं की जुन्या काळी साक्षीला महाराला उभं करत. शीव कुठल्या ओढ्याशी वळते, कुठल्या दगडाशी संपते, हे त्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. तो चालत जाईल ती हद्द मानायची, अशी रीत होती. पण ज्याच्या शब्दावर गावाची जमीन ठरे त्याचं घर गावकुसाबाहेर होतं आणि त्याची सावलीही विटाळाची मानली जाई. त्याच्या वाट्याला जमिनीचा जो तुकडा होता, तो चाकरीच्या बदल्यात मिळालेला होता. चाकरी सुटली की जमीनही जाणार, अशी ती व्यवस्था होती. जमीन, काम आणि माणसाची पत या तिन्ही गोष्टी जातीने अशा एकाच गाठीत बांधल्या होत्या.

ती गाठ सोडवण्यासाठी महाराष्ट्रात विसाव्या शतकभर झुंज झाली. महाडचं चवदार तळं आणि नाशिकचं काळाराम मंदिर शाळकरी मुलांनाही माहीत असतं. वतनाविरुद्धची, म्हणजे चाकरीच्या या जमिनीविरुद्धची लढाई आणि भूमिहीनांचे सत्याग्रह त्या मानाने विस्मरणात गेले आहेत. पाणवठा आणि देऊळ यांवरचा हक्क निदान कायद्याने तरी मान्य झाला. जमिनीचा प्रश्न अजून तलाठ्याच्या दप्तरात अडकून पडला आहे. म्हणूनच ही हकीकत पहिल्यापासून सांगायला हवी.

चाकरीची जमीन

महार हा गावच्या बलुतेदारांपैकी एक. त्याच्या कामांची यादी मात्र इतर बलुतेदारांसारखी ठरलेली नव्हती. सुताराने नांगर करायचा, लोहाराने फाळ पाजवायचा, कुंभाराने मडकी द्यायची. महाराने पडेल ते सगळंच करायचं. वेशीवर येसकर म्हणून राखण करायची, वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवायची, चावडी झाडायची, साहेब आला की त्याचं सामान पुढच्या गावी न्यायचं, कुणी वारलं की परगावी सांगावा घेऊन धावायचं, मेलेलं जनावर ओढायचं, लाकूडफाटा पुरवायचा. मोबदला म्हणून सुगीला बलुतं, दारोदार फिरून मागितलेली भाकरी, मेलेल्या जनावरावरचा हक्क आणि थोडी इनाम जमीन मिळे. ही जमीन हाडकी-हाडोळा म्हणून ओळखली जाई. कुटुंबं वाढत गेली तशी ती वाटणीत चिंध्याचिंध्या होत गेली. पुढे पुढे एकेका घराच्या वाट्याला येणाऱ्या तुकड्यात महिनाभराचं धान्यही पिकेनासं झालं.

इंग्रजांचं राज्य आल्यावर कारभार बदलला, पण ही व्यवस्था मोडली नाही. उलट 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने तिला सरकारी शिक्का मिळाला. पाटील-कुलकर्णी वरच्या दर्जाचे वतनदार ठरले, तर महार कनिष्ठ गावकामगार. सरकारला महसुली कारभारासाठी गावागावात हुकमी माणूस हवा होता, आणि तो जवळपास फुकटात मिळत होता. पगाराचा मोठा भाग बलुत्याच्या रूपाने रयतेकडून यायचा. म्हणजे चाकरी सरकारची आणि पोट गावकऱ्यांच्या हाती. एखाद्या महाराने पोराला शाळेत घातलं, मेलेलं जनावर ओढायला नकार दिला, नवं धोतर नेसलं, की गावाने बलुतं बंद करायचं. रक्ताचा थेंबही न सांडता माणसाला जागेवर बसवण्याचं हे साधन होतं.

या व्यवस्थेला आतून धक्का देणारा पहिला मोठा निर्णय कोल्हापुरात झाला. 1918 साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातली महार वतनं बरखास्त केली आणि त्या जमिनी रयतावा करून दिल्या. इतर रयतेप्रमाणे सारा भरायचा आणि जमीन कसायची. बदल्यात कुणाची चाकरी नाही. असं करता येतं आणि त्याने राज्य बुडत नाही, हे या निर्णयाने दाखवून दिलं. ब्रिटिश अमलाखालच्या मुंबई इलाख्यात मात्र त्यासाठी आणखी चाळीस वर्षं जावी लागली.

कौन्सिलातली झुंज

1927 हे साल महाडमुळे लक्षात राहिलं आहे. त्याच साली बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेकौन्सिलात दाखल झाले आणि त्याच साली त्यांनी 'बहिष्कृत भारत'मध्ये महारांच्या वतनावर सविस्तर लेखन केलं. महार माणूस गावात स्वाभिमानाने उभा राहू शकत नाही याचं एक मोठं कारण त्याचं वतनच आहे, ही त्यांची मांडणी होती. भाकरीच्या तुकड्यासाठी आणि जमिनीच्या चिंधीसाठी अख्खी जात गावाला बांधली गेली आहे. तो दोर कापल्याशिवाय तळ्याचा आणि देवळाचा हक्क टिकणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

19 मार्च 1928 रोजी त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल कौन्सिलात मांडलं. त्यातल्या मागण्या साध्या होत्या. ज्याला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी. बलुत्याच्या जागी रोख रक्कम यावी, आणि ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून महाराला द्यावी, म्हणजे त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. त्याची कामंही नक्की ठरवून दिली जावीत. कौन्सिलातल्या भाषणात त्यांनी या चाकरीचं खरं रूप सभागृहापुढे उघडं केलं. कामाला ना वेळेची मर्यादा ना माणसांची. नावाला एक वतनदार, पण तो हजर नसला तर त्याच्या बापाला, भावाला, घरातल्या कुणालाही कामाला जुंपलं जातं.

बिलाला विरोध दोन बाजूंनी झाला. सरकारला खर्चाची आणि कारभार अडण्याची धास्ती होती. गावांतल्या जमीनदार वर्गाला हुकमी माणूस हातचा जाईल ही भीती होती. खुद्द महारांतही धाकधूक होती. वतन गेलं तर आहे तो तुकडाही जाईल की काय, असं अनेकांना वाटे, आणि ती भीती अनाठायी नव्हती. ती घालवण्यासाठी बाबासाहेबांनी आणि कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी परिषदा घेतल्या. शेवटी निवड समितीत बिलाचं मूळ रूपच इतकं बदललं की 1929 साली त्यांनी ते मागे घेतलं. 1937 साली नव्या विधिमंडळात त्यांनी हा विषय पुन्हा मांडला. दुसरीकडे सरकारने वतनी जमिनींवरची जुडी, म्हणजे त्यांवरचा कर, वाढवली, तेव्हा 1939 साली हरेगावला आणि 1941 साली सिन्नरला वतनदारांच्या मोठ्या परिषदा भरल्या. चाकरीही करायची आणि वर जास्त करही भरायचा, या दुहेरी भाराविरुद्ध तिथे आवाज उठला.

याच काळात कोकणात खोतीविरुद्धची चळवळ पेटली होती. खोत कुळांकडून वसूल गोळा करून सरकारला ठरलेला हिस्सा भरायचा. मधलं सगळं त्याचं. अलिबागजवळच्या चरीत कुळांनी 1933 पासून वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवून संप चालवला होता. 1937 च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं बिल विधिमंडळात मांडलं, आणि 10 जानेवारी 1938 रोजी वीस हजारांच्या आसपास शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांत कुणबी होते, आगरी होते, महार होते. शामराव परुळेकरांसारखे डावे कार्यकर्ते आणि बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी एका रांगेत चालत होते. जमिनीच्या प्रश्नावर जातीच्या भिंती ओलांडता येतात, हे त्या दिवशी मुंबईच्या रस्त्यांनी पाहिलं. खोती नष्ट करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर, 1949 साली झाला.

कुळाला मिळाली, मजुराला नाही

स्वातंत्र्यानंतर जमिनीचे कायदे एकापाठोपाठ एक आले. 1948 चा कूळ कायदा, त्यातल्या सुधारणा आणि 1 एप्रिल 1957 चा 'कृषक दिन'. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानलं गेलं. हजारो कुटुंबांच्या आयुष्यात त्याने खरोखर उजेड आला. पण या कायद्यांचा लाभ ज्याचं नाव कागदावर कूळ म्हणून होतं त्यालाच झाला. दलित माणूस बहुतेक ठिकाणी कूळ नव्हता. तो दुसऱ्याच्या शेतावरचा सालगडी होता किंवा रोजंदारीवरचा मजूर. कसेल त्याची जमीन हे सूत्र न्यायाचं होतं, पण त्यात घाम गाळणाऱ्या मजुराची जागा कुठे, याचं उत्तर नव्हतं. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ते काही अंशी दिलं. मात्र तिथेही जमीन नातेवाइकांच्या नावे वाटून ठेवण्याच्या वाटा मोठ्या खातेदारांनी आधीच शोधल्या होत्या.

बाबासाहेबांना हा धोका फार आधी दिसला होता. 1942 साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी याहून मूलगामी योजना मांडली. शेतजमीन राज्याच्या मालकीची व्हावी आणि जात न पाहता गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला मिळावी. जमीन खाजगी मालकीत राहिली, तर जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर ही उतरंडही राहील आणि तिच्या तळाशी दलितच असेल, असं त्यामागचं गणित होतं. घटनेत या योजनेला जागा मिळाली नाही.

वतनाचा शेवट मात्र अखेर झाला. 1958 साली संमत झालेला कनिष्ठ गाव वतनं नष्ट करणारा कायदा 1959 मध्ये लागू झाला. कायद्याने चाकरी संपली. पण ती त्याआधीच मनातून संपलेली होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन परतलेल्या माणसांनी गावोगाव मेलेली जनावरं ओढणं सोडलं, भाकरी मागणं सोडलं. त्याची किंमत त्यांनी बहिष्काराच्या रूपाने मोजली. वतनी जमिनी ठरावीक रक्कम भरून त्यांच्या नावे परत करण्याची तरतूद कायद्यात होती. परवानगीशिवाय त्या विकता येणार नाहीत अशी अटही होती. अट संरक्षणासाठीच घातलेली होती. पण कागदपत्रांची माहिती नसलेल्या, कर्जात बुडालेल्या कुटुंबांच्या कितीतरी जमिनी पुढे दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या. विशेषतः शहरं वाढत जवळ आली तिथे. महार वतनाच्या जमिनींचे वाद आजही कचेऱ्यांत आणि न्यायालयांत चालू आहेत.

तुरुंग भरणारी माणसं

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत बाबासाहेबांना एक खंत होती. शिकलेल्यांना नोकऱ्या मिळाल्या, त्यांचं जीवन सुधारलं. खेड्यात राहिलेल्या भूमिहीनासाठी काय झालं? ही खंत मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी मनावर घेतली. 1953 साली तिथे फेडरेशनने सरकारी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या भागात गायरानं आणि पडजमिनी बऱ्याच होत्या, आणि भूमिहीनही.

पुढच्या लढ्याचं नेतृत्व दादासाहेब गायकवाडांकडे आलं. भाऊराव कृष्णाजी गायकवाड हे नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. 1930 सालच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते आघाडीवर होते. देवळाच्या दारात पाच वर्षं झुंजलेल्या या माणसाने पुढे शेताच्या बांधावरची झुंज दिली. 1957 साली ते नाशिकमधून लोकसभेत निवडून गेले आणि त्याच साली 3 ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पक्षात लगेच वाद उभा राहिला. बी. सी. कांबळे यांच्यासारख्या शिकलेल्या वकील पुढाऱ्यांना वाटत होतं की पक्षाने घटनेच्या चौकटीत, कायद्याच्या मार्गाने जावं. जमिनीसाठी मोर्चे आणि तुरुंग हा कम्युनिस्टांचा रस्ता झाला. दादासाहेबांचं उत्तर त्यांच्या कृतीत होतं. खेड्यातला माणूस कोर्टाची पायरी चढू शकत नाही, पण पडीक जमिनीवर नांगर घालू शकतो. पक्ष फुटला, आणि ती फूट चळवळीला कायमची नडली.

1959 साली खानदेश, नाशिक आणि मराठवाड्याच्या भागांत सत्याग्रह झाला. माणसं तुकड्यातुकड्यांनी सरकारी जमिनीत उतरत, निळा झेंडा रोवत, नांगरत आणि पकडली जात. त्यांच्या मागोमाग दुसरी तुकडी उभी असे. बायका कडेवरच्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणींसारख्या स्त्रियांनी या चळवळीचा भार वाहिला. त्यांच्या 'रात्रंदिन आम्हा' या आत्मकथनात तो काळ त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतो. द्वैभाषिक मुंबई राज्यात तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. पडीक जमिनी भूमिहीनांना देण्याचं आश्वासन सरकारकडून आलं. काही जमिनी मिळाल्याही, पण अनेक ठिकाणी त्या वर्षावर्षाच्या पट्ट्यानेच मिळाल्या. दर वर्षी नवं पत्र आणि दर वर्षी तीच विनवणी.

सर्वांत मोठा सत्याग्रह 1964 साली झाला. तेव्हा देशात धान्याची टंचाई होती, भाव भडकले होते. रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे दहा मागण्यांची सनद ठेवली. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याचं योग्य वाटप आणि भावांवर नियंत्रण, झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारणं, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती, दलितांवरचा जुलूम थांबवणं, अस्पृश्यता कायद्याखाली खरा न्याय, नोकऱ्यांतल्या राखीव जागा भरणं. आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र. 6 डिसेंबर 1964 ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, जेलभरो सुरू झाला. महाराष्ट्राबरोबर उत्तर प्रदेश, पंजाब आणि इतर राज्यांतली माणसं त्यात उतरली, उत्तरेत बी. पी. मौर्यांसारखे पुढारी होते. चळवळीच्या हिशेबाप्रमाणे तुरुंगात गेलेल्यांचा आकडा तीन लाखांवर जातो. बोलणी होऊन 1965 च्या सुरुवातीला सत्याग्रह थांबला.

ती सनद आज वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. पोटाला भाकरी, पायाखाली जमीन आणि संसदेत बाबासाहेबांची प्रतिमा या तिन्ही मागण्या एकाच कागदावर आहेत. अर्धपोटी माणसं तैलचित्रासाठी तुरुंगात का जातील, असा प्रश्न एखाद्याला पडेल. त्यांच्या दृष्टीने यात वेगळेपणा नव्हता. ज्या देशाने आपल्याला शतकानुशतकं मोजलंच नाही, त्याच्या सभागृहात आपला माणूस दिसावा आणि त्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव दिसावं, ही मूळची एकच इच्छा होती.

गायरानावरचा नांगर

दादासाहेब 29 डिसेंबर 1971 रोजी गेले. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. मराठवाड्यात विहिरी आटल्या, जनावरं गेली, माणसं खडी फोडायला गेली. दुष्काळाच्या आगेमागे अनेक भूमिहीनांनी गायरानाचे खडकाळ तुकडे नांगरायला सुरुवात केली. गायरान म्हणजे गावाच्या सामाईक चराईची जमीन. ती सगळ्या गावाची म्हणायची, पण तिच्यावर जोर चाले ज्याच्या दावणीला जास्त जनावरं त्याचा. दलितांनी ती नांगरली की ते अतिक्रमण ठरायचं; पिकात जनावरं सोडली जायची, बहिष्कार पडायचा, पोलिसांत तक्रार व्हायची.

27 डिसेंबर 1978 च्या शासन निर्णयाने 1 एप्रिल 1972 ते 31 मार्च 1978 या काळातली भूमिहीनांची अतिक्रमणं ठरावीक अटींवर नियमित करायचं ठरलं. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाने ही मुदत 14 एप्रिल 1990 पर्यंत, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभापर्यंत, पुढे आणली. सरकारने भूमिहीनाचा हक्क कागदावर मान्य केला होता. पण सिद्ध कसं करायचं? तलाठ्याच्या अतिक्रमण नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 1-ई मध्ये, नाव हवं, पंचनामा हवा, दंड भरल्याची पावती हवी. जो कागद कालपर्यंत गुन्ह्याचा होता, तोच आता हक्काचा पुरावा झाला. ज्याला दंड ठोठावला गेला तो नशीबवान ठरला. ज्याची नोंदच कुणी केली नाही तो वीस वर्षं कसूनही रिकामाच राहिला, आणि नोंद करायची की नाही हे गावातल्या वजनदारांच्या मर्जीवर होतं.

1978 चंच साल मराठवाड्याला आणखी एका कारणाने भोवलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव 27 जुलैला विधिमंडळात झाला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. हजारो कुटुंबं बेघर झाली. विद्यापीठाच्या नावावरून खेडोपाडी इतकी आग का लागावी, याचं उत्तर अभ्यासकांनी जमिनीतही शोधलं आहे. बलुतं नाकारणारा, मजुरी वाढवून मागणारा, गायरान नांगरणारा दलित गावच्या जुन्या सत्तेला खुपत होता. नामांतर हे त्या रागाला मिळालेलं निमित्त होतं. स्मृतीचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न पुन्हा एकदा एकाच ठिकाणी उभे होते. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला, सोळा वर्षांनी.

पुढच्या काळात बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून गायरानधारकांना संघटित केलं. मांग समाजात जन्मलेल्या या कार्यकर्त्याने महार-मांग या जुन्या भेदावर मात करत भूमिहीनांची एकजूट बांधली. मोर्च्यांइतकाच त्यांचा भर कागदांवर होता. कुणाची पावती आहे, कुणाचा पंचनामा आहे, कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर थांबला आहे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला. सरकारी धोरणानुसार भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींना त्यात अपवाद होता. तरी 2022 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा तीस-चाळीस वर्षं गायरान कसणारी कुटुंबंही हादरली. न्यायालयाचा अपवाद वाचून दाखवायला प्रत्येक गावात वकील नसतो.

आठवण कुणी जपली

या लढ्याची आठवण सरकारी इतिहासाने जपली नाही; ती चळवळीने आपल्या बळावर जपली. नाशिक हे या जपणुकीचं एक मोठं केंद्र होतं. भीमराव कर्डकांचे जलसे तिथूनच उभे राहिले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी बांधली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना चळवळीचं म्हणणं कळलं ते जलशाच्या मांडवात आणि वस्तीवरच्या गायनपार्टीतून.

आत्मकथनांनी हीच आठवण छापील पानावर आणली. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं, गायरानाच्या पहिल्या निर्णयाच्या आणि नामांतराच्या दंगलीच्याच साली. शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ', बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' या पुस्तकांनी वतनाच्या चाकरीचं रोजचं रूप, येसकराच्या पाळीची भाकरी, घरातल्या बायांवर पडणारा कामाचा भार, सगळं उघडं केलं. कायद्याच्या पुस्तकात 'कनिष्ठ गावकामगार' एवढाच शब्द होता. त्यामागचं जगणं या लेखकांनी सांगितलं. पुढच्या पिढ्यांना वतन काय होतं हे कळतं ते यांच्यामुळे.

शिल्लक हिशेब

1964 च्या सनदेतल्या मागण्यांचं पुढे काय झालं, ते एकापुढे एक मांडून पाहावं. 1967 साली संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. 1990 साली मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागलं. त्याच साली बौद्धांना केंद्राच्या राखीव सवलती मिळाल्या. या गोष्टी मोठ्या आहेत आणि लढून मिळवलेल्या आहेत. जमिनीच्या मागणीचं उत्तर मात्र तुकड्यातुकड्यांनी आलं. दादासाहेबांच्या नावाने राज्य सरकारने 2004 साली सबलीकरण व स्वाभिमान योजना आणली. तिच्यात भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची. योजना चांगली आहे, पण सरकारी दराने जमीन विकायला फारसं कुणी पुढे येत नाही, म्हणून ती रखडते. 2011 च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या 16.6 टक्के आहे, आणि 2015-16 च्या कृषिगणनेत त्यांच्या वहिवाटीतलं शेतीक्षेत्र सुमारे नऊ टक्के. भारतात जमीन हीच गावातल्या सत्तेचा पाया राहिली आहे, हे लक्षात घेतलं तर या दोन आकड्यांतलं अंतर काय सांगतं ते वेगळं सांगायला नको.

या शंभर वर्षांतून निघणारा अर्थ मला असा दिसतो. सन्मान देणं राज्याला जमलं, कारण सन्मान दिल्याने कुणाच्या हातचं काही जात नाही. जमीन देताना ती कुणाच्या तरी ताब्यातून काढावी लागते, निदान कुणाच्या तरी वर्चस्वाला धक्का द्यावा लागतो. तिथे प्रत्येक सरकार थबकलं. पण ज्यांनी ही लढाई लढली त्यांनी सन्मान आणि जमीन कधी वेगळे मानले नाहीत. वतनाच्या जमिनीने त्यांना शिकवलं होतं की अपमानाच्या बदल्यात मिळालेली जमीन माणसाला उभं करत नाही. गायरानाने शिकवलं की जमिनीशिवाय मिळालेला सन्मानही गावात फार दिवस टिकत नाही.

म्हणून या इतिहासाची खरी आठवण ठेवायची असेल तर काम समोर आहे. 1978 आणि 1991 च्या निर्णयांखाली ज्यांचा हक्क बसतो पण नोंद झालेली नाही अशी कुटुंबं गावोगाव आहेत. त्यांच्या पावत्या, पंचनामे आणि वहिवाट तपासून जमिनी त्यांच्या नावावर, नवऱ्याबरोबर बायकोच्याही नावावर, चढवायला नवा कायदा लागत नाही. महार वतनाच्या ज्या जमिनी अटी मोडून हस्तांतरित झाल्या त्यांची चौकशी करायलाही जुनाच कायदा पुरेसा आहे. लागते ती जिल्हाधिकाऱ्यापासून तलाठ्यापर्यंतची इच्छा, आणि ती जागी ठेवणारा समाजाचा रेटा. दादासाहेबांच्या पिढीने तो रेटा तुरुंगात जाऊन दिला. आपल्या पिढीने निदान ग्रामसभेत उभं राहून द्यावा.